निहोनबाशीचा मासळीबाजार : चित्रांत उरलेला आणि चित्रांतून निसटलेला

होकुसाईचे लाटेचे चित्र न पाहिलेला वाचक आज विरळाच. १८३१च्या सुमारास छापलेले हे चित्र २०२४पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आले आहे. लाट आणि तिच्या कवेत सापडलेला फुजी पर्वत आपण पाहतो. लाटेखालच्या तीन लांबट होड्यांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. वल्ह्यांवर ओणवे झालेले ते खलाशी सहलीला निघालेले नाहीत. 'ओशिओकुरी' नावाच्या या वेगवान होड्या आसपासच्या किनाऱ्यांवरची ताजी मासळी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पोहोचवण्यासाठी बांधलेल्या असत. बर्फघरांच्या आधीच्या त्या काळात मासा नासण्यापूर्वी बाजारात पोहोचवणे हाच त्यांचा धर्म होता. त्यांच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला निहोनबाशी नदीच्या उत्तर काठावरचा मासळीबाजार होता. त्या बाजाराची जी चित्रे आपल्यापर्यंत आली आहेत, त्यांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. एखादे चित्र इतिहासाचा पुरावा म्हणून वाचायचे तर ते कसे वाचावे, हा प्रश्न आम्हांला त्या निमित्ताने महत्त्वाचा वाटतो.

या बाजाराचे नाव 'उओगाशी'. 'उओ' म्हणजे मासा आणि 'काशी' म्हणजे नदीकाठचा धक्का. आपल्या घाटांच्या काशीशी जुळणारे हे नादसाम्य निव्वळ योगायोगाचे. बाजाराच्या उगमाची कथा तोकुगावा इएयासूपाशी जाते. १५९०मध्ये इएयासू एदोला आला, तेव्हा ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावचे काही कोळी मोरी मागोएमोन याच्या पुढाकाराने त्याच्यामागोमाग आले. एदोच्या खाडीत मासेमारीची मुभा त्यांना मिळाली आणि बदल्यात किल्ल्याला मासळी पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. किल्ल्याची गरज भागवून उरलेले मासे ते नदीकाठी विकू लागले. १६०३मध्ये निहोनबाशीचा लाकडी पूल उभा राहिला, देशातल्या पाच राजमार्गांचे अंतर या पुलापासून मोजले जाऊ लागले आणि त्याच्या पूर्वेचा धक्का मासळीने भरून गेला. सत्तेच्या ताटातून उरलेल्या मासळीवर हा बाजार उभा राहिला, ही गोष्ट पुढील चित्रे पाहताना ध्यानात ठेवली पाहिजे.

अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती. या शहरात दिवसाला हजार रियो उलाढाल होणारी तीन ठिकाणे सांगितली जात : सकाळी मासळीबाजार, दुपारी नाटकगृहे आणि रात्री योशिवारा ही गणिकांची वस्ती. तिन्ही ठिकाणांची चित्रे रंगीत ठशांवर छापून विकली गेली. उतागावा कुनियासू (१७९४–१८३२) याने तीन पत्र्यांच्या सलग चित्रात हा बाजार रंगवला; त्या चित्राच्या शीर्षकातच 'भरभराट' हा शब्द आहे. १८३४ आणि १८३६ अशा दोन टप्प्यांत प्रसिद्ध झालेल्या 'एदो मेइशो झुए' या स्थलवर्णनपर ग्रंथातही हा बाजार आहे. साइतो घराण्याच्या तीन पिढ्यांनी हा ग्रंथ सिद्धीस नेला आणि चित्रे हासेगावा सेत्तानने काढली. किंचित उंचावरून पाहिलेली माणसांची दाटी, फळ्यांवर मांडलेली मासळी, खांद्यावरच्या कावडी, धक्क्याला लागलेल्या होड्या असा या चित्रांचा साधारण थाट असतो. एकही माणूस स्वस्थ उभा नाही. चित्रकाराला मासे ओळखू येतील इतक्या तपशिलाने काढायचे आहेत आणि शहराचे वैभवही मिरवायचे आहे.

या दाटीची मोजदाद करण्याची सोय एका गुंडाळीचित्राने करून दिली आहे. 'किदाई शोरान' हे १८०५च्या सुमाराचे, बारा मीटरांहून अधिक लांबीचे चित्र आज बर्लिनच्या आशियाई कला संग्रहालयात आहे. इमागावा पुलापासून निहोनबाशीपर्यंतचा रस्ता त्यात दुकानादुकानांनिशी रंगवला असून नदीकाठची मासळीची वर्दळ त्याच्या शेवटच्या भागात येते. अभ्यासकांनी त्यातली माणसे मोजली : एकूण १६७१, त्यांत पुरुष १४३९, स्त्रिया २०० आणि मुले ३२. मासळीबाजार म्हटले की मराठी वाचकासमोर पाटी पुढ्यात घेऊन बसलेली कोळीण येते. भाव तिचा आणि शेवटचा शब्दही तिचा. उओगाशीच्या चित्रांत मात्र पुरुषांचेच राज्य दिसते. घाऊक व्यापार आणि हमाली तेथे पुरुषांच्या हाती होती, हे त्याचे उघड कारण. पण फळीवर जो 'अवाबी' नावाचा शिंपला मांडलेला असे, तो समुद्राच्या तळातून काढणाऱ्यांत 'आमा' म्हणजे पाणबुड्या स्त्रियाही होत्या. त्या स्त्रिया रंगीत ठशांवर येतात, पण दूरच्या समुद्रकिनाऱ्याच्या वेगळ्या चित्रांत. श्रमाची साखळी एकच असली तरी चित्रकाराने ती दोन चौकटींत तोडली आहे.

चित्रांत न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे कर्ज. घाऊक व्यापारी किनाऱ्यावरच्या गावांना जाळ्यांसाठी, होड्यांसाठी आगाऊ उचल देत आणि ती फिटेपर्यंत गावाची मासळी त्यांच्याकडेच येई. दुसरी म्हणजे किल्ल्याचा हक्क. शोगुनाच्या स्वयंपाकघराला लागणारे मासे बाजारभावाहून पुष्कळ कमी दराने द्यावे लागत. पाहुणचाराच्या आणि सणासुदीच्या ताटात मानाचा असलेला 'ताई' हा तांबूस मासा तर जिवंत सांभाळून ठेवावा लागे. चांगला माल सरकारी माणसाच्या नजरेपासून लपवणे हेही या बाजारातले एक कसबच झाले होते. 'भरभराट' हे शीर्षक खोटे नाही, पण ते हिशेबाच्या वहीतल्या फक्त जमेच्या पानाचे शीर्षक आहे.

या पार्श्वभूमीवर हिरोशिगेची (१७९७–१८५८) निहोनबाशीची तीन चित्रे एकापुढे एक ठेवून पाहण्यासारखी आहेत. १८३३-३४च्या सुमारास त्याने तोकाइदो राजमार्गाच्या मालिकेचा आरंभ याच पुलाने केला. पहाट झाली आहे, पुलाचे फाटक उघडले आहे आणि पुलाच्या चढावरून एका सरदाराचा लवाजमा भाल्यांनिशी समोर येतो आहे. अग्रभागी डावीकडे कावडी घेतलेले मासळीवाले बाजूला सरत आहेत. राजमार्गाचे चित्र म्हणून नायकत्व लवाजम्याकडे असायला हवे, पण तो अजून दूर आहे. आपल्या अगदी जवळ आहेत ते वाट सोडणारे मासळीवाले. त्यांचा दिवस केव्हाच सुरू झाला आहे.

दुसरे आणि तिसरे चित्र त्याच्या अखेरच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे' या मालिकेतले. १८५५च्या अखेरीस एदोला मोठा भूकंप झाला. भूमीखालचा महाकाय 'नामाझू' मासा हलला म्हणजे धरणी हलते, या लोकसमजुतीवर आधारलेली असंख्य चित्रे तेव्हा छापली गेली. त्यानंतर काही महिन्यांतच, १८५६मध्ये, ही मालिका सुरू झाली. तिच्या प्रकाशकाचे व्यावसायिक नाव उओया एइकिची. 'उओया' याचा अर्थच मासळीचे दुकान. मालिकेच्या आरंभीच्या चित्रात बर्फ थांबून आकाश निवळले आहे. दूरवर फुजी आणि किल्ला, मध्ये पूल, आणि खाली अग्रभागी होड्यांनी व माणसांनी गजबजलेला मासळीबाजार. मोडलेल्या शहराच्या रहिवाशांना हे चित्र जणू सांगत होते की सारे पूर्ववत आहे. ते वर्णन होते की दिलासा, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर दोन्ही असे आहे. त्या काळच्या एदोच्या चित्रांतल्या समृद्धीला अक्षरशः पुरावा मानण्यात धोका आहे तो येथेच.

तिसरे चित्र १८५७च्या अखेरचे आहे आणि त्यात बाजाराची गर्दी मुळी नाहीच. डावीकडे पुलाच्या कठड्याचा धातूचा कळस डोळ्यांना भिडेल इतका जवळ, पलीकडे नदी, गोदामे आणि एदो पूल. उजव्या कोपऱ्यात चौकटीने कापलेली एक पाटी, आणि तिच्यात एक मासा. तो आहे 'कात्सुओ', म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या कुळातला मासा. पाटी वाहणारा माणूस चौकटीबाहेर राहिला आहे. हंगामातला पहिला कात्सुओ खाणे ही एदोकरांची प्रतिष्ठेची बाब होती. १८१२ साली पहिल्या खेपेला १७ मासे आले. ६ शोगुनाकडे गेले, ३ एका नामांकित उपाहारगृहाने घेतले आणि उरलेले ८ बाजारात आले. त्यांतला एक नाकामुरा उताएमोन या काबुकी नटाने ३ रियोंना घेऊन नाटकगृहातल्या हाताखालच्या माणसांना खाऊ घातला, अशी नोंद आहे. घरकामाच्या बाईचे वर्षाचे वेतन तेव्हा एक-दोन रियोंच्या आसपास असे. हे ठाऊक असलेल्या ग्राहकाला हिरोशिगेची एक पाटी पुरेशी होती; सबंध बाजार तो स्वतःच आठवून घेत असे. आपल्याला मात्र ती आठवण इतिहासाच्या वाटेनेच मिळवावी लागते.

पुढे १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आणि आगीत उओगाशी जळून गेली आणि बाजार त्सुकिजीला हलला. हे स्थलांतर सरळ झाले नाही. दुकानापुढे रस्त्यावर फळी मांडण्याच्या पूर्वापार हक्काची खरेदीविक्री होत असे. त्या हक्काच्या भरपाईवरून १९२८मध्ये तोक्योच्या नगरसभेत लाचलुचपतीचे प्रकरण उघडकीस आले. ज्या फळ्या चित्रांत केवळ मासे मांडण्यापुरत्या दिसतात, त्या वस्तुतः मालमत्ता होत्या, हे चित्रांनी नव्हे तर या खटल्याने सांगितले. त्सुकिजीची नवी वास्तू १९३५मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०१८मध्ये तेथला घाऊक बाजारही तोयोसूला गेला.

आज निहोनबाशीला १९११चा दगडी पूल आहे आणि त्याच्या डोक्यावर ऑलिंपिकच्या तयारीत १९६३मध्ये बांधलेला उन्नत महामार्ग. तो जमिनीखाली नेण्याचे काम चालू असून २०४०च्या सुमारास पुलावरचे आकाश मोकळे करण्याचे योजले आहे. पुलाजवळ बाजाराच्या उगमस्थानाचे स्मारक आहे. तेथे पुतळा बसवला आहे तो ओतोहिमेचा, दंतकथेतल्या सागरराजाच्या कन्येचा. ज्या बाजाराच्या चित्रांत बाई शोधावी लागते, त्याची आठवण एका स्त्रीरूपाच्या हाती सोपवली गेली आहे. कावडवाल्याचा, उचल घेतलेल्या कोळ्याचा किंवा पाणबुड्या आमाचा पुतळा तेथे नाही. त्यांच्यासाठी आपल्याला पुन्हा हिरोशिगेच्या त्या पहाटेच्या चित्राकडे जावे लागते आणि लवाजम्यावरून नजर काढून डाव्या कोपऱ्यात वाट सोडून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे लागते.