नामदार गोखले यांचें फेटाळलेलें विधेयक

दिनांक १९ मार्च १९१२ रोजीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत मतें मोजण्यांत आलीं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक सिलेक्ट कमिटीकडे सोपवावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. अनुकूल १३, प्रतिकूल ३८. विधेयक आणणारे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांस हा निकाल अनपेक्षित नव्हता. पराभव होणार हें आपण जाणून आहों, असें त्यांनीं सभागृहांतच सांगितलें होतें.

शिक्षणाची किंमत गोखल्यांस रुपयांत ठाऊक होती. १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें त्यांचा जन्म झाला. ते तेरा वर्षांचे असतांना वडील वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली, व त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवूं लागले. एकाची शाळा सुटली म्हणून दुसऱ्याची टिकली. १८८४ सालीं बी. ए. होऊन गोपाळराव पुढें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलांत शिक्षक झाले, आणि फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं १९०२ पर्यंत शिकविलें. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळाशाळांतून चाललें. १९०२ सालचें अंदाजपत्रकावरील गाजलेलें भाषण, १९०५ सालीं काशी येथील राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद, त्याच वर्षीं भारत सेवक समाजाची स्थापना, हा इतिहास सुपरिचित आहे.

१६ मार्च १९११ रोजीं मांडलेलें हें विधेयक मोठें बेताचें होतें. कोणी त्यास भित्रेंही म्हणेल. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. तीही सर्वत्र नव्हे, तर जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील, आणि जेथील म्युनिसिपालिटी अथवा लोकल बोर्ड सरकारच्या संमतीनें ती लागू करील, तेथेंच. मुलींचा विचार मागाहून. ज्या बापाची मिळकत महिन्यास दहा रुपयांहून अधिक नाहीं, त्याच्या मुलास फी माफ. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सबंध राज्यांत सक्ती सुरू केली होती; गोखले त्याहून पुष्कळच थोडें मागत होते.

तेंही मिळालें नाहीं. सरकारपक्ष म्हणे, लोकांची मागणी नाहीं आणि पैसाही नाहीं. याहून बोचणारी गोष्ट ही कीं, विरुद्ध मत देणाऱ्यांत हिंदी सभासदही होते. शिकलेला मुलगा शेतांत राबणार नाहीं, ही धास्ती त्या काळीं जमीनदारवर्गांत होती, आणि ती दडवून ठेवण्याची गरजही कोणास वाटत नसे. गोखल्यांनीं मात्र त्रागा केला नाहीं. आपल्या पिढीच्या वांट्यास अपयशानेंच देशसेवा करणें आलें आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले. शांतपणें हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या तोंडीं ते अधिकच जड वाटतात.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, ते पुण्यास वारले. तीन वर्षांनीं विठ्ठलभाई पटेल यांनीं मुंबई इलाख्यासाठीं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. तोही म्युनिसिपालिट्यांपुरता, व त्यांच्या मर्जीवर सोपविलेला. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींसाठीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशास २००९ सालीं मिळाला.