धडधाकटपणाचें माप

बेकार मनुष्य काम करण्यास कितपत लायक आहे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीं अलीकडे काढला असा पुष्कळांचा समज दिसतो. दुष्काळी कामांचा इतिहास चाळला म्हणजे तो सरकारदरबारीं फार पूर्वींच विचारला गेला होता, व त्याचें उत्तर खडीच्या ढिगावरून काढीत, असें आम्हांस आढळतें.

या विचाराचें मूळ इंग्लंडांत आहे. तेथील १६०१ च्या कायद्यानें निराश्रितांचे धडधाकट व अपंग असे वर्ग पाडले; १८३४ च्या कायद्यानें त्यांत कसोटीची भर घातली. मदतच इतकी कष्टाची करावी कीं, ज्यास बाहेर पोट भरतां येईल तो तिकडे फिरकूं नये! हेंच तत्त्व पुढें इकडे आलें. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुरास दिवसास एक पौंड धान्य व एक आणा एवढें प्रमाण बांधून दिलें. एक पौंड म्हणजे पक्का अर्धा शेरहि नव्हे. आणि एवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं याविरुद्ध कडक तक्रार केली, आणि तेथें १८७७ सालींच तें प्रमाण वाढवावें लागलें. तरीहि १८८० च्या दुष्काळ कमिशननें कसोटीचें तत्त्व कायम ठेवलें व १८८३ च्या नियमावलींत तें उतरलें.

आमच्या मतें येथें दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत झाली. हा मनुष्य गरजू आहे काय, हा एक; त्याच्या अंगीं कोणतें काम करण्याची शक्ति आहे, हा दुसरा. खडी फोडावयास जो आला तो भुकेला होता, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. कोष्ट्याचेंच पाहा. मागावर तो कसबी कारागीर. हातोडा हातीं दिला कीं, हजेरीपटावर तो कच्चा मजूर ठरे. शिवाय खडीनें राठ झालेलीं बोटें पुन्हां सुतास लावावयाचीं कशीं? पुढें विणकरांस त्यांच्याच धंद्यांत काम देण्याची सोय झाली, ती या अडचणीमुळेंच.

इंग्लंडांतहि ही खोड लवकर गेली नाहीं. १९२१ पासून विम्याचा भत्ता मागणारास आपण मनापासून काम शोधीत आहों हें स्वतःच सिद्ध करावें लागे. जेथें कामच नाहीं तेथें तें शोधल्याचा पुरावा कोठून आणावा? १९३० सालीं ती अट काढून टाकण्यांत आली.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें मात्र उलट वाट धरली: खेड्यांतील प्रौढानें काम मागावें व सरकारनें तें पुरवावें. काम अर्थात् अंगमेहनतीचेंच. कोष्ट्याच्या हातीं तेथेंहि कुदळच आली.