ऑफिसच्या वेलनेस प्रोग्रामला कर्मचारी येत का नाहीत? बक्षीस किंवा दंड लावला तर येतात का?

शनिवारी सकाळी योगा, महिनाभराचं स्टेप चॅलेंज, वर्षातून एकदा मोफत रक्ततपासणी. एचआरचा मेल येतो आणि बरेच जण तो न उघडताच पुढे जातात. मग कंपनी बक्षीस जाहीर करते. तेही चाललं नाही तर काही ठिकाणी दंडच लागतो.

या दोन्ही उपायांचं काय होतं, हे अमेरिकेत बऱ्यापैकी तपासून झालंय. तिथे आरोग्य विम्याचा मोठा भार नोकरी देणारी संस्था उचलते. त्यामुळे कर्मचारी आजारी पडला की बिल तिच्याही खिशाला लागतं.

पैसे दिले तर?

2016 मध्ये इलिनॉय विद्यापीठात तिथल्याच कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग सुरू झाला. सुमारे 4,800 जणांनी नाव नोंदवलं. त्यातले 3,300 कार्यक्रमात घेतले, बाकीचे बाहेर ठेवले. कोण आत, कोण बाहेर हे चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरलं. आतल्यांपैकी काहींना सुरुवातीची तपासणी पूर्ण करण्यासाठी काहीच मिळणार नव्हतं, काहींना 100 डॉलर, तर काहींना 200.

काहीच न मिळणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांनी तपासणी पूर्ण केली. 100 डॉलरवाल्यांत हा आकडा 59 टक्के झाला आणि 200 वाल्यांत 63. म्हणजे दुसऱ्या शंभरात जेमतेम चार टक्क्यांची भर पडली.

खरी मेख पुढे आहे. जे सहभागी झाले, त्यांचा औषधोपचाराचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याआधीपासूनच कमी होता. थोडक्यात, ज्यांना गरज कमी तेच जास्त आले. त्यामुळे ‘आमच्या प्रोग्राममधले लोक कमी आजारी पडतात’ अशी स्लाइड कुणी दाखवली, तर ती जरा जपूनच वाचावी. चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांची तुलना केली तेव्हा उपचारांचा खर्च, जिमला जाणं, कामावरची हजेरी यांत ठळक फरक दिसला नाही. फरक पडला तो तपासणी करून घेणाऱ्यांच्या संख्येत, आणि ‘आपल्या संस्थेला आपल्या तब्येतीची काळजी आहे’ असं वाटण्यात.

आणि दंड लावला तर?

2013 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने आरोग्याची प्रश्नावली आणि तपासण्या पूर्ण न करणाऱ्यांना महिन्याला 100 डॉलर दंड लावायचं ठरवलं. प्रश्नावलीत वैवाहिक अडचणींपासून ‘येत्या वर्षात गरोदर राहण्याचा विचार आहे का’ इथपर्यंत प्रश्न होते. प्राध्यापक भडकले आणि काही आठवड्यांत दंड गुंडाळावा लागला.

वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांना ‘गो 365’ हे फिटनेस ॲप वापरून पॉइंट जमवायला सांगितलं होतं. नाही जमवले तर महिन्याला 25 डॉलर जादा. विरोध वाढल्यावर सक्ती मागे घेतली गेली, तरी फेब्रुवारी 2018 मध्ये राज्यभर शाळा बंद पडल्याच. संपाचे मुख्य मुद्दे पगार आणि विम्याचा खर्च होते, पण ॲपने संतापात भर घातली होती.

मग चालतं तरी काय?

कधी कधी अगदी साधी गोष्ट. एका अमेरिकन कंपनीत फ्लूची मोफत लस ऑफिसातच मिळणार होती. कर्मचाऱ्यांना घरी पत्रं गेली. काहींच्या पत्रात एक रिकामी जागा होती: तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते इथे लिहा. लिहिलेलं कुणालाही दाखवायचं नव्हतं. साध्या पत्रावर 33 टक्के लोक आले होते, इथे 37 टक्के आले. खर्च जवळपास शून्य. 2011 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. (आणि 100 ऐवजी 200 डॉलर दिल्यावर जेवढी भर पडली होती, तेवढीच इथेही पडली.)

अर्थात फ्लूची लस वर्षातून एकदाच घ्यायची असते. रोज चालणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय शनिवारी सकाळी सातचा योगा ठेवला की रात्रपाळी करून आलेला आणि घरचा डबा करून निघणारी, दोघंही आपोआप गळतात. त्यांना ‘मोटिव्हेशन नाही’ म्हणणं सोपं आहे. तोच वर्ग कामाच्या वेळेत, पगारी तासात ठेवणं कंपनीला महाग पडतं, म्हणून त्याआधी गिफ्ट व्हाउचर आठवतं.

दुसरा अडसर शंकेचा. साखर वाढलेली निघाली तर बॉसला कळेल का? नाव नोंदवण्याआधी एचआरला तीन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात: रिपोर्ट नावानिशी कोण पाहणार, ॲपवाली कंपनी तो डेटा आणखी कुणाला देणार, आणि नोकरी सोडल्यावर तो पुसला जाणार का. उत्तर लेखी मागावं.