नळी, घास आणि श्वासाची वाट : एक थ्रेड

१/ १३ सप्टेंबर १९२९. लाहोरच्या तुरुंगात उपोषणाच्या ६३ व्या दिवशी क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडला. वय अवघे २४ वर्षे. हा मृत्यू आपण भुकेचा आणि निग्रहाचा म्हणून वाचतो. त्यात नळीने बळजबरीने घातलेल्या अन्नाचाही वाटा होता.

२/ घशात दोन वाटा शेजारी असतात : एक अन्नाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट झाकली जाते. तरीही काही आत शिरलेच, तर ठसका लागतो. जठराच्या मुखाशी असलेला स्नायू अन्न वर येऊ देत नाही. नळी आली की गिळण्याची क्रिया टळते आणि तो स्नायूही पुरता मिटत नाही.

३/ नळीचा जन्म मात्र करुणेतून झाला. १७९० मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला ईल माशाच्या कातडीच्या नळीतून अन्न दिले. तो रुग्ण बरा झाला.

४/ पुढे हीच नळी तुरुंगात शिरली. १९१३ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लिलियन लेंटन यांना लंडनच्या हॉलोवे तुरुंगात नळीने अन्न घातले गेले. ते फुप्फुसात गेले आणि अत्यवस्थ लेंटन यांची घाईने सुटका करावी लागली. १६ वर्षांनी लाहोरात तेच घडले. दास यांच्या साथीदारांच्या आठवणींनुसार, झटापटीत दूध त्यांच्या फुप्फुसात उतरले.

५/ दुसरा धोका अधिक छुपा आहे. नळी योग्य जागी असली, तरी जठरातले अन्न उलटे वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये भूल दिलेल्या बाळंतिणींमधील अशा ६६ घटना नोंदवल्या. जठरातील आम्ल फुप्फुसाला कसे पोळते, हे त्यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले.

६/ मग उपाय काय? १९९९ मध्ये बार्सिलोनातील डॉक्टरांनी कृत्रिम श्वासावरील ८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सपाट निजवलेल्या ४७ पैकी १६ जणांना न्युमोनियाचा संशय आला. ४५ अंशांत टेकवून ठेवलेल्या ३९ पैकी फक्त ३ जणांना. नळीने अन्न घेणारे आणि सपाट निजलेले रुग्ण सर्वाधिक धोक्यात होते.

७/ म्हणूनच आज उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात आणि अन्न दिल्यावरही काही वेळ ती तशीच राखतात. नळीची जागा एक्स-रेने किंवा जठररसाच्या आम्लतेवरून पडताळतात, अन्न सावकाश देतात. खोकला आला, श्वास लागला किंवा उलटी झाली, की अन्न तत्काळ थांबवतात.

८/ यातील जवळजवळ प्रत्येक उपायाला रुग्णाचे शांत सहकार्य किंवा भरवणाऱ्याचे सावध लक्ष लागते. बळजबरीत दोन्ही संपतात. हातपाय आवळून धरलेल्या माणसाचा ठसका हा धोक्याचा इशारा आहे की प्रतिकार, हे कोण ओळखणार? लेंटन यांच्यावरील प्रसंग ब्रिटनमध्ये गाजला होता. तरीही त्याच साम्राज्याच्या लाहोरातील तुरुंगात तो पुन्हा घडला. वैद्यकाला धोका ठाऊक असणे पुरेसे नसते. समोरचा माणूस आधी रुग्ण मानला जावा लागतो.