स्वयंचलित प्रेषण, जुन्या वाहनांतील

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविताना वेग व भार यांनुसार गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा. क्लचचे पेडल नसणे हे तिचे सहज दिसणारे लक्षण होय. मुळात हाताने गिअर बदलण्याच्या वाहनात ही यंत्रणा नंतर बसवावयाची झाल्यास योग्य प्रेषण निवडणे हा स्वतंत्र प्रश्न ठरतो व त्याचे उत्तर या यंत्रणेच्या इतिहासात बव्हंशी सापडते.

जर्मन अभियंते हेर्मान फटिंगर यांनी 1905 मध्ये द्रवाद्वारे शक्ती संक्रमित करण्याच्या साधनाचे एकस्व घेतले. ते जहाजांसाठी होते. जनरल मोटर्सने 1939 मध्ये हायड्रामॅटिक हे चार गतींचे प्रेषण बाजारात आणले. ब्यूकच्या डायनाफ्लोमध्ये (1948) परिबल वाढविणारा परिवर्तक आला. गॅरेजमध्ये यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. क्रायस्लरचे तीन गतींचे टॉर्कफ्लाइट 1956 चे. पुढे 1982 मध्ये जनरल मोटर्सच्या 700आर4 मध्ये चौथी, इंधन वाचविणारी गती मिळाली आणि 1990 नंतरच्या दशकात नियंत्रण इलेक्ट्रॉनिकीकडे गेले.

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने 1928 ते 1954 या काळात मोटारगाड्यांची जुळणी केली. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी व महिंद्रच्या जीपगाड्या मात्र हातगिअरच्याच राहिल्या. स्वस्तातील स्वयंचलित मोटारगाडी भारतात रुजली ती 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून. तिच्यात हातगिअरच्याच पेटीला क्लच दाबणारी व गिअर बदलणारी यंत्रे जोडलेली असतात. त्यामुळे ती जुन्या गाडीला सोपी वाटते. परंतु तिच्या नियंत्रकाला हवे असलेले संवेदक जुन्या एंजिनावर नसतात.

केवळ बोल्ट जुळले म्हणजे प्रेषण जुळले, हा समज सर्वांत महाग पडतो. बोल्टांची मांडणी पहिली अट खरी. शेव्हरोलेची मांडणी आणि त्याच समूहातील ब्यूक, ओल्ड्समोबाइल यांची मांडणीदेखील वेगळी होती. त्यानंतर प्रेषणाची लांबी, प्रोपेलर शाफ्टचे माप, मागील आसाचे गुणोत्तर व परिवर्तकाची पकड घेण्याची गती पाहावी लागते. चार चाकांनी चालणाऱ्या जीपमध्ये मागचा शाफ्ट आधीच आखूड असल्याने लांब प्रेषण बसविणे अवघड जाते.

याहून गंभीर अडचण डीझेलची आहे. पेट्रोल एंजिनासाठी केलेली अनेक जुनी प्रेषणे आदानमार्गातील निर्वातावरून भार ओळखतात. बहुतेक डीझेल एंजिनांत असा निर्वात निर्माणच होत नाही. प्यूजो बनावटीचे डीझेल एंजिन असलेल्या जीपला असे प्रेषण लावावयाचे तर निर्वात पंप व त्याचे नियंत्रण करणारी झडप जोडावी लागते. शिवाय डीझेल एंजिन कमी फेऱ्यांवर काम करते, म्हणून गिअर बदलण्याची गतीही खाली आणावी लागते. 700आर4 मध्ये थ्रॉटलच्या तारेची जुळणी चुकल्यास आतील दाब अपुरा पडून तबकड्या जळतात.

वाहन कोठे चालणार, यावरही निवड अवलंबून असते. जालना जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या शहागडावरून जाणारा धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. 52, पूर्वीचा 211) बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटाने बालाघाटावर चढतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात 40° से. च्या वर तापमान असताना भरलेले वाहन घाट चढू लागले की परिवर्तकातील तेल झपाट्याने तापते. येथे तेलासाठी वेगळा शीतक आवश्यकच मानावा. उतारावर खालचा गिअर धरून ठेवता येईल असेच प्रेषण घ्यावे, कारण जुन्या गाडीचे ब्रेक त्या भाराला पुरे पडतीलच असे नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध असल्याने परिवहन कार्यालयाकडे आधी चौकशी करणे इष्ट.

बॅटरी उतरली की चार माणसांनी ढकलून जीप सुरू करण्याची खेड्यापाड्यांतील पद्धत मात्र या बदलाने संपते. काही आरंभीच्या प्रेषणांत चाकांकडून फिरणारा दुसरा तेलपंप असल्याने तसे करता येई. पुढे तो वगळण्यात आला. बंद पडलेले असे वाहन चालक चाके जमिनीवर ठेवून लांब ओढत नेल्यास तेलाअभावी आतील भाग झिजतात.