फोल्डरमध्ये फाइल नसते : नाव आणि ऐवज यांच्या फारकतीचा इतिहास

जुना मोबाइल विकण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे पुसून निश्चिंत होणारी माणसे आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. प्रबंधाची फाइल चुकून पुसली गेली म्हणून रात्रभर तळमळणारे विद्यार्थीही असतात. पहिल्यांची निश्चिंती आणि दुसऱ्यांची निराशा यांचे मूळ एकाच समजुतीत आहे. फोल्डर म्हणजे पेटी, फाइल म्हणजे पेटीतील वस्तू आणि पुसणे म्हणजे ती वस्तू जाळून टाकणे, अशी ही समजूत. पडद्यावरील चित्रही तेच सांगते. प्रत्यक्षात फोल्डरमध्ये फाइल नसते. तेथे असते नावांची एक यादी. ऐवज अन्यत्र असतो. नाव आणि ऐवज यांची ही फारकत कशी झाली, हे पाहण्यासाठी सुमारे सहा दशके मागे जावे लागते.

संगणक आधी आले, फाइली नंतर आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी उभारलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली औपचारिकरीत्या कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. आज्ञा आणि आकडे कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्रात भरले जात आणि काम संपले की संशोधक आपली फीत घेऊन घरी जाई. यंत्राला त्या फितीची आठवण राहत नसे; साठवणूक माणसाच्या कपाटात होती. छिद्रित कार्डांच्या काळातही हेच चाले. कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून त्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवण्याची पद्धत जगभर होती. ती रेघ हीच त्या काळची ‘फाइल सिस्टिम’ म्हणावी काय? थट्टेने म्हणायला हरकत नाही.

अडचण चुंबकीय फितीचीही होती. हजारावी नोंद हवी असेल तर आधीच्या नऊशे नव्याण्णव नोंदी ओलांडूनच जावे लागे. १९५६ साली आयबीएमने ‘रॅमॅक’ यंत्राबरोबर पहिली व्यापारी चकती-साठवण बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची होती. आता कोणत्याही नोंदीकडे थेट जाता येत होते. पण त्यासाठी ती कोठे आहे हे ठाऊक असावे लागे. थेट जाण्याची सोय झाली, तेव्हाच पत्ता लक्षात ठेवण्याचे ओझे जन्माला आले.

ते ओझे यंत्राच्या डोक्यावर देण्याची गरज खऱ्या अर्थाने भासली ती एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायला घेतल्यावर. अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली ‘सीटीएसएस’ ही कालवाटपाची प्रणाली दाखवली. वेगवेगळ्या टंकयंत्रांवर बसलेले लोक एकाच यंत्रावर काम करीत, आणि प्रत्येकाची फाइल-यादी वेगळी असे. या यादीला पोटविभाग नव्हते. प्रत्येक नावाचे दोन भाग असत आणि प्रत्येक भाग सहा अक्षरांचा.

याच प्रणालीतील एक अपघात कॉर्बातो यांनी आपल्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितला आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. एके दिवशी प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर रोजच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. कोणी चोरी केली नव्हती. संपादनाचा प्रोग्राम काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करी, आणि तिचे नाव ठरलेले होते. एका यादीत एकाच वेळी एकच माणूस काम करणार, हे त्यामागील गृहीतक. पुढे प्रणालीच्या व्यवस्थापकांनी सोयीसाठी एकच यादी सामायिक वापरायला घेतली. एक जण रोजची सूचना लिहीत होता, तर दुसरा पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच असल्याने ऐवजाची अदलाबदल झाली. दोन्ही फाइलींतील मजकूर बिनचूक होता; चुकले होते ते केवळ नाव.

सीटीएसएसनंतरच्या ‘मल्टिक्स’ प्रकल्पासाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ साली एका परिषदेत जो निबंध मांडला, त्यात आजच्या फोल्डरांचा आराखडा जवळजवळ पूर्ण दिसतो. यादी, म्हणजेच डिरेक्टरी, हीसुद्धा एक फाइलच मानावी, असे त्यांनी सुचवले. मग यादीत आणखी एक यादी, तिच्यात आणखी एक, असे करीत मुळापासून फांद्या फुटलेला वृक्ष तयार होतो. वेगवेगळ्या फांद्यांवर एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात, कारण खरे नाव म्हणजे मुळापासूनची संपूर्ण वाट. मात्र मल्टिक्समध्ये फाइल चकतीवर कोठे आहे, ती कोणाला वाचता येईल ही सारी माहिती यादीतील नोंदीतच असे. नाव आणि ओळख अजून एकाच घरात राहत होती.

१९६९ साली बेल लॅब्जने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रुड कॅनडे यांनी फळ्यावर आणि सुट्या कागदांवर एका नव्या फाइल सिस्टिमचा आराखडा मांडला, आणि थॉम्पसन यांनी तो फारशा वापरात नसलेल्या ‘पीडीपी-७’ या छोट्या यंत्रावर उतरवला. यातूनच पुढे युनिक्स वाढले. फोल्डरमध्ये फाइल नसते हे विधान अक्षरशः खरे ठरते ते येथून.

युनिक्सने काय केले? ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखलांक मिळतो. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पुस्तकाविषयीची माहिती असते, आणि वाचकांसाठी शीर्षकांची यादी वेगळी असते. युनिक्समधील ‘आयनोड’ ही त्या नोंदवहीतील एक ओळ. फाइलचा मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल केव्हा झाला, ऐवज चकतीच्या कोणकोणत्या तुकड्यांत आहे, हे सारे आयनोडमध्ये असते. नसते ते फक्त नाव. नाव असते डिरेक्टरीत, आणि तेथे दुसरे काहीही नसते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची होती : २ बाइट आयनोड क्रमांकासाठी, १४ नावासाठी. आपण ज्याला फोल्डर म्हणतो त्याचे अंतरंग एवढेच.

ऐवजाचा ठाव ठेवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. चकतीचे तुकडे ५१२ बाइटांचे, आणि आयनोडमध्ये १३ पत्त्यांची जागा. पहिले १० पत्ते थेट मजकुराच्या तुकड्यांचे. अकरावा पत्ता अशा तुकड्याचा, ज्यात मजकूर नसून आणखी १२८ पत्ते असतात. बारावा पत्त्यांच्या पत्त्यांचा, तेरावा त्याहून एक पायरी खोल. म्हणून ५ हजार बाइटांपर्यंतच्या लहान फाइलीला काही वळसा पडत नाही, आणि तेवढ्याच रचनेत सुमारे एक गिगाबाइटची फाइलही बसते. त्या काळी एवढी मोठी चकती दुर्मीळ होती. बहुतेक फाइली लहान असतात आणि थोड्याच प्रचंड असतात, हे ज्याने ओळखले त्यालाच असा हिशेब सुचतो.

नाव वेगळे काढल्याचे परिणाम दूरवर गेले. एकाच आयनोडकडे दोन डिरेक्टऱ्यांतून दोन नावे बोट दाखवू शकतात. त्यांत एक मूळ आणि एक नक्कल असा भेद नसतो. दोन्ही नावे सारख्याच अधिकाराची. मग फाइल पुसायची म्हणजे काय करायचे? युनिक्समधील त्या मूळ आज्ञेच्या नावाचा अर्थ ‘पुसणे’ असा नाहीच, तो ‘दुवा तोडणे’ असा आहे. यादीतून एक नाव खोडले जाते आणि आयनोडमधील नावांची संख्या एकने कमी होते. ती शून्यावर आली आणि कोणताही प्रोग्राम ती फाइल उघडून बसलेला नसेल, तरच ते तुकडे मोकळे म्हणून जाहीर होतात. त्यावरचा मजकूर मात्र दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो.

घरगुती संगणकांनी हा धडा उशिरा घेतला. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिक्सकडून आले. डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण येई आणि तिच्या जागेची साखळी मोकळी केली जाई. ते पहिले अक्षर परत लिहून फाइल जिवंत करणारा प्रोग्राम पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये विकायला आणला आणि त्यावर नाव कमावले. आजच्या एसएसडी चकत्यांवर मात्र या आशेवर राहू नये. मोकळ्या झालेल्या जागा त्या स्वतःहून, पुष्कळदा लगेच, साफ करतात. मोबाइल विकणाऱ्याची निश्चिंती आणि विद्यार्थ्याची निराशा यांतील कोणती रास्त, हे म्हणून साधनागणिक बदलते.

पडद्यावरचे पिवळे फोल्डर आले ते १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ आणि त्यानंतरच्या ॲपलच्या यंत्रांमधून. ते चित्र अमेरिकन कार्यालयातील जाड कागदाच्या घडीचे. आपल्याकडील फीत बांधलेल्या सरकारी नस्तीशी त्याचे रूप जुळत नाही. मौज अशी की १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये फोल्डर निव्वळ देखावा होता. चकतीवर सर्व फाइली एकाच सपाट यादीत असत, त्यामुळे दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या फाइली ठेवता येत नसत. खरी उतरंड १९८५ मध्ये आली.

भारतीय वाचकाला या इतिहासाचा एक धागा विशेष जवळचा वाटावा. चौदा बाइटांत नाव बसवणाऱ्यांच्या मनात रोमन लिपी होती, एका अक्षराला एक बाइट. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘भारत’ १२ बाइटांत बसतो, पण ‘महाराष्ट्र’ला ३० लागतात. लिनक्समधील नेहमीच्या फाइल सिस्टिमींत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे. सरकारी परिपत्रकांची शीर्षके पाहिली तर ही मर्यादा तोकडी पडायला वेळ लागत नाही!

त्याहून नाजूक प्रश्न सारखेपणाचा. हिंदीतील ‘पढ़ाई’मधला ‘ढ़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच संकेतांकाने, किंवा ‘ढ’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. मराठीतील ‘वऱ्हाड’मधल्या ‘ऱ’चीही तीच कथा. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पण लिनक्स सामान्यतः नावाकडे अक्षरे म्हणून पाहत नाही, बाइटांची रांग म्हणून पाहते. त्यामुळे एकाच फोल्डरात ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि एका कळफलकाने शोधलेली फाइल दुसऱ्याने ठेवलेली असली तर ‘सापडत नाही’. सीटीएसएसमध्ये दोन ऐवजांना एक नाव होते. येथे एका दिसणाऱ्या नावामागे दोन नावे आहेत.

मोठ्या प्रमाणावर हा गोंधळ किती महागात पडतो हे अवकाश-संशोधकांना ठाऊक आहे. अपोलो ११ च्या चांद्रसंकेतांच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाच्या शोधमोहिमेने २००९ साली काढला. चांद्रयान-२ च्या बाबतीत इस्रोने वेगळी वाट धरली आहे. यानाची वैज्ञानिक निरीक्षणे बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील केंद्रात जतन होतात आणि डिसेंबर २०२० पासून ती सर्वांसाठी खुली होऊ लागली. मांडणी ‘पीडीएस-४’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आहे. निरीक्षणाच्या फाइलीबरोबर मजकूररूपात लिहिलेले एक पत्रक असते. कोणते उपकरण, कोणती वेळ, आकडे कितव्या बाइटापासून सुरू होतात, किती ओळी, किती रकाने, हे सारे त्यात येते. प्रत्येक नगाला एक कायमचा ओळखसंकेत असतो, आणि तो फाइल कोणत्या चकतीवर, कोणत्या फोल्डरात आहे यावर अवलंबून नसतो. यंत्रे बदलली, फोल्डरांची नावे बदलली, तरी तो तोच राहतो.

या मानकाची उतरंड तीन पायऱ्यांची आहे : नग, नगांचा संग्रह आणि संग्रहांचा गठ्ठा. सर्वांत वरच्या पायरीसाठी मानकाने योजलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ गठ्ठा किंवा गाठोडे असाच आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्यांना तेथे ‘रुमाल’ म्हणतात.