पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

काविळीचे नाव निघाले की पाणी आणि उघड्यावरचे खाणे यांवर दोष ठेवून आपण मोकळे होतो. यकृतातील विकरे रक्तात वाढलेली दिसली, तरी पहिली शंका सांसर्गिक काविळीचीच येते. परंतु आमच्या पुणे जिल्ह्याने एक अशीही यकृतव्याधी पाहिली की जिचे मूळ जंतूत नव्हते, चुलीवर होते.

कलकत्त्याच्या सेन यांनी १८८७ साली तिचे वर्णन केले. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल; पोट फुगे, यकृत हाताला घट्ट लागे आणि बहुधा काही महिन्यांत सारे आटोपे. एकाच घरात पाठोपाठ दोन मुले गेली, म्हणजे लोक रक्ताला दोष देत, आणि तो बोल शेवटी आईच्याच माथी येई.

१९७९ च्या सुमारास या मुलांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले आढळले. ते आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी स्वयंपाकघराची चौकशी आरंभली. वरचे दूध लवकर सुरू होई. ते पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवीत. दुधातील केसीन तांब्याला धरून ठेवते. आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची जोडीजोडीने केलेली तुलना १९८७ साली प्रसिद्ध झाली. याच रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने शिरूर तालुक्यात वढू येथे उभे राहिले आहे.

शिरूर-दौंडकडील वडीलधाऱ्यांना कल्हईवाल्याचा भाता आणि नवसागराचा धूर आठवत असेल. तो कथलाचा पातळ थर दूध आणि पितळ यांच्यामध्ये उभा असे. तो झिजला आणि कल्हई पुढच्या महिन्यावर गेली, की पडदा उठला!

तथापि सारा दोष पितळेवर टाकणे आम्हांला रास्त वाटत नाही. पितळ घरोघर होते, व्याधी मोजक्यांनाच झाली. काही जन्मजात दुर्बलताही असावी, असे तज्ज्ञ मानतात. ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच व्याधीने १३८ मुले दगावली. तेथेही भांडी तांब्याचीच होती.

पेनिसिलामीन हे औषध तांबे लघवीवाटे बाहेर काढते. वेळीच दिल्याने काही मुले वाचली. पुढे स्टीलची भांडी आली आणि व्याधी ओसरली. श्रेय डॉक्टरांना किती आणि भांडीवाल्यांना किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या माळ्यावर एक जुने पितळी पातेले अजून आहे. त्याची कल्हई आतून केव्हाच उडाली आहे.